कव्हर लेटर कोण वाचतं आणि त्यात काय शोधतं

कळव्याच्या एका तरुणाने विचारलं आहे: "मी बी.कॉम. आहे, वय २६. भिवंडीच्या एका गोदामात तीन वर्षं डिस्पॅचची कागदपत्रं बघतो. आता बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (इतरांचा माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणाऱ्या) कंपनीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. याआधी तीसेक ठिकाणी अर्ज केले, फोन दोनच आले. कव्हर लेटर खरंच कोणी वाचतं का? वाचत असतील तर त्यात काय लिहायचं? माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, इंग्रजी बेताचं आहे." सध्या तो जे पत्र पाठवतो, तेही त्याने प्रश्नासोबत दिलं आहे.

मी बावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरभरतीचं काम केलं. सुरुवात रबाळ्याच्या एका कारखान्यात झाली, मग महापे, आणि शेवटची आठ वर्षं बेलापूरमध्ये एका लॉजिस्टिक्स कंपनीत. अर्ज पाकिटातून यायचे तेव्हापासून ते मेलवर यायला लागले तोपर्यंतचे सगळे गठ्ठे मी वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. कव्हर लेटर सगळीकडे वाचलं जात नाही. ऐरोली किंवा घणसोलीतल्या मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज भरता, तेव्हा तिथली माणसं बायोडेटातले शब्द आणि अनुभवाची वर्षं बघून पहिली चाळणी लावतात. पत्र जोडायची जागा असते, पण ते बहुतेकदा उघडलंच जात नाही. तिथे तुमची संध्याकाळ बायोडेटावर खर्च करा. सरकारी भरतीत, म्हणजे एमपीएससी असो, सिडको असो की ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका, जाहिरातीत दिलेला नमुना जसाच्या तसा भरायचा असतो. तिथे स्वतःहून पत्र जोडून काहीच साधत नाही.

पण तुम्ही ज्या प्रकारच्या कंपनीत अर्ज करताय, तिथलं चित्र वेगळं आहे. फ्रेट फॉरवर्डर, कस्टम्स ब्रोकर, तुर्भ्याचा एखादा इंजिनीअरिंग कारखाना, वाशीतलं सीएचं ऑफिस, वागळे इस्टेटमधली पॅकेजिंग कंपनी. इथे माणसं वीस-पन्नास असतात. अर्ज मालक स्वतः वाचतो, नाहीतर ज्याच्या हाताखाली काम करायचं तो विभागप्रमुख वाचतो. मी तिथे अर्जांचे तीन ढीग करायचे. ज्यांचा बायोडेटा जागेशी सरळ जुळतो त्यांना मी पत्र न वाचताच फोन केलेला आहे. ज्यांचा अजिबात जुळत नाही त्यांचं पत्र वाचायचं कारणच नव्हतं. पत्र वाचायचे ते मधल्या ढिगाचं. म्हणजे असे अर्ज की माणूस चालेलसं वाटतंय, पण मनात एखादी शंका आहे.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की पत्र लिहायला बसण्याआधी ही शंका शोधा. तुमचा बायोडेटा हातात धरून त्या खुर्चीतल्या माणसाच्या मनात काय येईल? त्याचं उत्तर म्हणजे तुमचं कव्हर लेटर. बाकी सगळं बायोडेटात आहेच, ते पुन्हा वाक्यांत लिहून त्याला काही नवीन कळत नाही.

आता तुमचा बायोडेटा मी त्या खुर्चीत बसून वाचते. भिवंडी, गोदाम, डिस्पॅच, तीन वर्षं. मला लगेच तीन गोष्टी खटकतात. एक, या मुलाने देशातल्या मालाची कागदपत्रं केली आहेत, निर्यातीची केलेली नाहीत. दोन, परदेशातल्या एजंटला इंग्रजीत मेल लिहायचे असतात, ते याला जमेल का? तीन, कळव्याहून बेलापूर, अधूनमधून उरणकडे सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामाला, जावं लागेल. दोन महिन्यांत कंटाळून सोडून गेला तर?

यातली पहिली शंका सगळ्यात जड आहे आणि ती का जड आहे हे तुम्ही नीट समजून घ्या, कारण पत्राचा जीव तिथेच आहे. निर्यातीच्या कागदांत एका आकड्याची चूक महागात पडते. पॅकिंग लिस्टवरचं वजन एक आणि कंटेनरचं प्रमाणित वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात, ते भलतंच असलं तर कंटेनर अडतो आणि कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, चुकला तर जहाज निघून जातं. बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे शिपिंग लाइन मालाची देते त्या पावतीत, माल घेणाऱ्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर दुरुस्तीला शिपिंग लाइन पैसे लावते. माल लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) गेला असेल तर बँक प्रत्येक कागद त्या एलसीतल्या अटींशी ताडून बघते आणि तफावत सापडली की निर्यातदाराचे पैसे अडकतात. म्हणून बेलापूरचा तो विभागप्रमुख हुशार मुलापेक्षा कागद दोनदा तपासणारा मुलगा शोधत असतो. तुम्हाला शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद, येत नसेल तर तो महिन्याभरात शिकवेल. तपासायची सवय मात्र महिन्याभरात लागत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

हे लक्षात ठेवून तुमचं सध्याचं पत्र बघू. ते इंग्रजीत आहे, इथे आशय मराठीत देते. "आदरणीय सर/मॅडम, आपल्या जाहिरातीच्या संदर्भात मी सदर पदासाठी अर्ज करू इच्छितो. मी मेहनती, प्रामाणिक असून दबावाखाली काम करू शकतो. मी उत्तम टीम प्लेअर आहे. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी माझे सर्वोत्तम देईन. कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा."

यात चूक एकही नाही. पण कंपनीचं नाव आणि पदाचं नाव बदललं की हेच पत्र नर्सला चालेल, वेल्डरला चालेल, अकाउंटंटला चालेल. दहावीला आपण अर्जलेखन शिकतो, 'वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. तो साचा मार्क मिळवायला ठीक होता, आणि तो अजून आपल्या हातात बसलेला आहे. आपल्या जुन्या पत्रांतही साचा होताच. ती. दादांस सा. न. वि. वि. असं लिहिलं की साष्टांग नमस्कार संपला आणि 'विनंती विशेष' म्हणून खरा मजकूर सुरू झाला. माझ्या आजोबांची पत्रं घरात जपून ठेवली आहेत. त्यात औपचारिक भाग एका ओळीत संपतो आणि दुसऱ्या ओळीत भाताचा भाव, म्हशीचं दूध, कोर्टाची तारीख येते. तुमच्या पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नमस्कारच चालू आहे. विशेष आलेलंच नाही.

शिवाय 'सहानुभूतीने विचार व्हावा' हे वाक्य काढून टाका. ते वाचून मला नेहमी वाईट वाटायचं. तीन वर्षं ज्याने गाड्या वेळेवर सोडल्या, त्याने सहानुभूती कशाला मागायची?

विशेष कुठून आणायचं? तुमच्या रोजच्या कामातून. मी तुम्हाला उलट काही प्रश्न विचारले, त्याची उत्तरं तुम्ही मोकळेपणाने दिलीत. रोज किती गाड्या निघतात? पंचवीस ते तीस. त्यांचे कोणते कागद तुम्ही स्वतः करता? इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद). एखादी चूक पकडली होती का? हो, एका इनव्हॉइसवर ४८० खोकी होती आणि लोडिंग स्लिपवर ४०८, गाडी गेटवर असताना लक्षात आलं. मग काय केलं? तेव्हापासून गाडी सोडण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाच गोष्टी जुळवायची एक यादी बनवली, ती आता दुसऱ्या पाळीतली मुलंही वापरतात. हे तुम्ही मला तिसऱ्या निरोपात, तेही मी खोदून विचारल्यावर सांगितलंत. बायोडेटात याचा पत्ताच नाही, तिथे फक्त 'डिस्पॅच डॉक्युमेंटेशन हाताळणे' एवढंच आहे. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे बढाई मारणं असं घरातूनच शिकवलेलं असतं. पण ४८० आणि ४०८ हे आकडे सांगणं म्हणजे बढाई नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे.

आणखी एक दुवा तुमच्या हातात आहे, त्याचा तुम्ही विचार केला नव्हता. ई-वे बिल भरताना तुम्ही एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, टाकता. निर्यातीच्या शिपिंग बिलात मालाचं वर्गीकरण आठ आकडी कोडने होतं, आणि दोन्ही कोड एकाच आंतरराष्ट्रीय पद्धतीवरून आलेले आहेत. मार्गात गाडी बदलली की ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडीनंबर भरावा लागतो, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत सांभाळावी लागते, चुकलेलं बिल २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. म्हणजे सरकारी पोर्टलवर, घड्याळाकडे बघत, मागे फिरता येणार नाही अशा कामाची तुम्हाला सवय आहे. आइसगेट हे कस्टम्सचं पोर्टल आहे. पोर्टल बदललं, कामाचा स्वभाव तोच आहे.

पत्र पाठवण्याआधी तीन संध्याकाळी मात्र अभ्यासाला द्या. निर्यातीचे कागद कोणत्या क्रमाने तयार होतात, एफओबी आणि सीआयएफ या इनकोटर्म्समध्ये (आंतरराष्ट्रीय विक्रीच्या ठरलेल्या अटींमध्ये) विमा आणि भाड्याची जबाबदारी कोणाकडे असते, शिपिंग बिल आणि बिल ऑफ एंट्री यात फरक काय (पहिलं निर्यातीचं, दुसरं आयातीचं, आणि मुलाखतीत हा गोंधळ करणारे मी कितीतरी पाहिले), एवढं स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा. पत्रात जे लिहिणार ते मुलाखतीत विचारलं जाणार, म्हणून न केलेला अभ्यास लिहायचा नाही.

आता पत्र. हे पाठवताना इंग्रजीत जाईल, पण आधी असं मराठीत लिहून काढा.

"विषय: एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, बेलापूर. अर्ज. नोटीस ३० दिवस.

नमस्कार,

आपण निर्यात कागदपत्रांचा दोन वर्षांचा अनुभव मागितला आहे. मला कागदपत्रांचा तीन वर्षांचा अनुभव आहे, पण तो देशांतर्गत मालाचा आहे. तरीही अर्ज का करतो आहे ते सांगतो.

भिवंडीच्या गोदामातून रोज पंचवीस ते तीस गाड्या निघतात. त्यांचे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ई-वे बिल मी तयार करतो. एकदा इनव्हॉइसवर ४८० आणि लोडिंग स्लिपवर ४०८ खोकी असल्याचं गाडी गेटवर असताना माझ्या लक्षात आलं. त्यानंतर मी तपासणीची पाच मुद्द्यांची यादी तयार केली. गाडी सोडण्याआधी तिन्ही कागद त्या यादीप्रमाणे जुळवले जातात. दोन्ही पाळ्यांत आता तीच पद्धत आहे.

शिपिंग बिल मी अजून स्वतः भरलेलं नाही. निर्यातीच्या कागदांचा क्रम आणि इनकोटर्म्स यांचा अभ्यास केला आहे. एचएसएन वर्गीकरण रोजच्या कामात आहे. ट्रान्सपोर्टर आणि ग्राहकांशी रोजचे मेल मी इंग्रजीत लिहितो.

मी कळव्याला राहतो आणि ठाण्याहून पनवेल लोकलने थेट बेलापूरला येऊ शकतो. कामासाठी द्रोणागिरी किंवा न्हावा शेवा भागात जावं लागलं तरी माझी तयारी आहे.

बायोडेटा जोडला आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर येऊ शकेन.

नाव, मोबाईल नंबर"

पहिल्याच परिच्छेदात उणीव स्वतःहून सांगितली आहे, त्याबद्दल तुम्ही बिचकाल. बिचकू नका. तो माणूस बायोडेटात ती उणीव पाहणारच आहे. तुम्ही ती लपवलीत तर त्याला वाटतं, याने जाहिरात वाचलीच नाही, सगळीकडे अर्ज टाकत सुटलाय. तुम्ही आधीच सांगितलीत तर पुढचं वाक्य वाचायची उत्सुकता तयार होते. महाप्याला असताना आम्हाला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता. एका मुलाने लिहिलं होतं, "तुम्हाला ऑटोमोबाईलचा अनुभव हवाय, माझा पंपांचा आहे, पण मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग दोन्हीकडे तेच आहेत." बायोडेटाप्रमाणे तो मधल्या ढिगात जेमतेम बसत होता. त्या एका ओळीमुळे आमच्या वर्क्स मॅनेजरने त्याला बोलावलं, आणि तो पुढे बरीच वर्षं तिथे टिकला.

इंग्रजी मेलचं वाक्य मी तुम्ही सांगितल्यावरच घातलं. तुम्ही रोज तसे मेल लिहिता, मग ते सांगायला हवं. इंग्रजी चांगलं आहे असं सांगून कोणी मानत नाही. तुमचं पत्रच त्याचा नमुना असतं, म्हणून वाक्यं छोटी ठेवा. आठ-दहा शब्दांचं साधं इंग्रजी वाक्य बरोबर लिहिता आलं तर पुरे. ऑफिसातल्या जुन्या इंग्रजीतले 'काइंडली डू द नीडफुल', 'विथ ड्यू रिस्पेक्ट', 'आय बेग टू स्टेट' हे तुकडे गाळा. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. आणि जाहिरात मराठीत असेल, एखाद्या स्थानिक छापखान्याची किंवा पतपेढीची, तर पत्र मराठीतच लिहा. उगाच इंग्रजीत लिहून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.

प्रवासाची ओळ कदाचित क्षुल्लक वाटेल. मला ती फार महत्त्वाची वाटते. या भागात माणसं कामाला कंटाळून जितकी सोडतात, त्याहून जास्त प्रवासाला कंटाळून सोडतात, असा माझा अनुभव आहे. २००४ मध्ये ट्रान्स हार्बर सुरू होण्याआधी ठाण्याहून रबाळ्याला येणारी आमची माणसं बसवर अवलंबून होती आणि पावसाळ्यात हजेरीपटात खाडे दिसायचे. आता गाड्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत लोकल खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गेली, दिघा गावचं स्टेशनही तेव्हाच सुरू झालं. तरी बदलापूर, टिटवाळा, कळवा असा पत्ता बघितला की भरती करणारा मनातल्या मनात वेळ मोजतोच. ती मोजणी त्याच्यावर सोडण्यापेक्षा कुठून कसं येणार हे एका वाक्यात सांगितलेलं बरं. जे पनवेल किंवा खारघरला घर बदलणार आहेत त्यांनी कधीपर्यंत, हेही लिहावं.

तुमच्यासारखा प्रश्न असलेले इतरही हे वाचत असतील, म्हणून शंकेचे दोन-तीन वेगळे प्रकार सांगते.

मुलाबाळांसाठी किंवा आजारपणासाठी मधे काही वर्षं नोकरी सोडलेल्या बायका पत्रात फार वेळ माफी मागत बसतात. वर्तकनगरची एक अकाउंटंट सहा वर्षांनी परत कामाला लागणार होती. तिच्या पहिल्या मसुद्यात अर्धं पान घरच्या अडचणींचं होतं. वाचणाऱ्याची शंका घराबद्दल फारशी नव्हतीच. ती सोडून गेली तेव्हा व्हॅट होता, २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला, हिला तो येतो का, ही खरी शंका होती. आम्ही अर्धं पान काढून दोन ओळी ठेवल्या: सहा वर्षं मुलांसाठी घरी होते, मुलं आता शाळेत जातात; गेलं वर्षभर ओळखीच्या दोन दुकानांची जीएसटी विवरणपत्रं मी टॅलीवर तयार करून भरते. तिला दुसऱ्या अर्जालाच बोलावणं आलं.

पहिल्यांदा नोकरी शोधणाऱ्याबद्दलची शंका अशी असते की याला जबाबदारी दिली तर पेलेल का. अनुभव नाही म्हणून मुलं कॉलेजची प्रमाणपत्रं मोजत बसतात. एका मुलाने लिहिलं होतं की त्याने दोन वर्षं आपल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ठेवला, पावतीपुस्तकांचे नंबर जुळवले, वर्गणीच्या परवानगीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद नेऊन दिले. कॅशियरच्या जागेसाठी याहून बोलकं मला काही सापडलं नसतं. आयटीआयच्या मुलांनी ॲप्रेंटिसशिपमध्ये कोणत्या मशीनवर, कोणता जॉब, किती अचूकतेने केला ते लिहावं. एका फिटरने फक्त 'लेथवर काम केले' लिहिलं आणि दुसऱ्याने बुशचं माप आणि टॉलरन्स लिहिला, तर सुपरवायझर दुसऱ्याचाच अर्ज उचलतो.

वरचेवर नोकरी बदलणाऱ्यांनी कारण एका ओळीत आणि खरं सांगावं. जुन्या मालकाबद्दल वाईट लिहू नये, त्याने तुमच्याशी कितीही वाईट केलेलं असलं तरी. कागदावर तुमचीच बाजू असते, आणि वाचणारा नकळत स्वतःला त्या मालकाच्या जागी ठेवतो.

पत्रात काय नको, ते पटकन. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालं की नाही, उंची, वजन. हे लग्नाच्या बायोडेटातून नोकरीच्या बायोडेटात शिरलेलं आहे, तिथूनही काढा. आधार किंवा पॅन नंबर तर मुळीच नको. मेलवर गेलेला अर्ज किती हातांतून जातो ते तुम्हाला कळणार नाही, आणि हे नंबर नोकरी पक्की झाल्यावरच लागतात. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा.

लांबी मोबाईलच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवून संपेल एवढी. वरचं पत्र तेवढंच आहे. ते वेगळी फाईल करून जोडू नका, मेलमध्येच लिहा, म्हणजे मेल उघडली की ते समोर दिसतं. जोडायचा तो फक्त बायोडेटा, पीडीएफमध्ये, आणि फाईलला तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या. 'बायोडेटा नवीन फायनल २' अशा नावाच्या शेकडो फाईली माझ्या कॉम्प्युटरवर असायच्या, आणि नंतर हवा तो माणूस शोधून काढताना अक्षरशः घाम फुटायचा. लहान कंपन्या आजकाल व्हॉट्सॲपवरच अर्ज मागवतात. तिथे चार ओळी पुरे: कोण आहात, कोणत्या जागेसाठी, शंकेचं उत्तर देणारी एक गोष्ट, कधीपासून येऊ शकता. रात्री दहानंतर पाठवू नका आणि व्हॉइस नोट तर अजिबात नको.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून पत्र लिहून घ्यावं का, असं शनिवारी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी जवळपास सगळी मुलं विचारतात. माझं मत असं आहे: मजकूर तुमचा असू द्या, व्याकरण तपासून घ्यायला ते खुशाल वापरा. नुसतं पदाचं नाव सांगून मागितलेलं पत्र गुळगुळीत येतं, पण त्यात ४८० आणि ४०८ कधी येणार नाहीत, कारण ती गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे. शिवाय एकाच जागेसाठी आलेल्या दहा पत्रांपैकी सहा सारखीच दिसायला लागली की वाचणारा ती सगळी एकदमच बाजूला सारतो.

प्रत्येक कंपनीला पत्र नव्याने लिहावं लागेल का? मधले दोन परिच्छेद तेच राहतील. पहिला परिच्छेद मात्र त्या जाहिरातीतल्या शब्दांना धरून दर वेळी नवा लिहा. एखाद्या कंपनीची मुख्य कामं आयातीची असतील तर तुमची शंका बिल ऑफ एंट्रीभोवती फिरेल. एखादा कस्टम्स ब्रोकर एच कार्ड किंवा जी कार्ड (कस्टम्समध्ये काम करायला लागणारी ओळखपत्रं) आहे का विचारत असेल तर ते नाही हे सांगून, परीक्षा द्यायची तयारी असेल तर तसं लिहावं लागेल. तीस ठिकाणी एकच पत्र पाठवण्याऐवजी आठ ठिकाणी आठ पाठवा. वेळ तेवढाच जाईल.

पत्र पाठवून आठ दिवसांत काही कळलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा: अमुक तारखेला अर्ज केला होता, जागा अजून भरायची असेल तर मी उपलब्ध आहे. एकदाच. मी अशा दोन ओळींवरून जुनी मेल शोधून काढून माणसाला बोलावलं आहे. फोन करायचाच असेल तर सकाळी अकरा ते साडेबारा या वेळेत करा, आणि ऑपरेटरकडे 'एचआर द्या' म्हणण्याऐवजी पदाचं नाव सांगा.

पाठवण्याआधी पत्रातला मोबाईल नंबर दुसऱ्या फोनवरून स्वतः लावून बघा. बेलापूरला असताना एक फार चांगलं पत्र आलं होतं, मरीन इन्शुरन्सच्या क्लेमचं काम पाहणाऱ्या मुलीचं. त्या जागेसाठी आलेलं सर्वांत नेमकं पत्र ते होतं. नंबरात एक आकडा कमी होता. मेलला उत्तर पाठवलं, तीन दिवस थांबलो, मग दुसऱ्या माणसाला घेतलं. तिचं उत्तर नंतरच्या सोमवारी आलं.